सोमवारचा घाणा

"पण मोटरला कसला आलाय सोमवार?" सलीलनं विचारलं आणि नंदूनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, अक्का, आता तूच निस्तर.

आम्ही तिघं बार्शीला, आमच्या तेलाच्या दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. सलील पुण्याचा, लोकांना वेबसाइट करून देणारा, अंगानं शिडशिडीत आणि बोलायला गोड. नंदू माझा धाकटा भाऊ, घाण्याचा आणि दुकानाचा कारभार तोच बघायचा. मी लातूरला शाळेत शिकवते, दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले होते. माहेरवाशिणीनं खाऊन-पिऊन लोळावं, तर मला भावानं शुद्धलेखन तपासायला बसवलं होतं. म्हणे साइट नवी करायची आहे, मजकुरावर नजर टाक.

जुनी साइट समोर उघडली होती. कुणाच्या तरी भाच्यानं कॉलेजात असताना करून दिलेली. हिरवीगार पार्श्वभूमी, एका कोपऱ्यात जळणारी समई, मध्ये 'व्यवहारे लाकडी घाणा, बार्शी' असं सोनेरी अक्षरात, आणि त्याच्याखाली, सगळ्यांत मोठ्या लाल अक्षरात, पहिलीच ओळ: 'सोमवारी घाणा बंद राहील.' तेल कुठलं, भाव काय, मिळतं कसं, हे सगळं पुढं. आधी आमचा सोमवार.

"आमच्या घराण्यात सोमवारी बैल जुंपत नाहीत," मी सांगितलं. "महादेवाचा वार. बैल म्हणजे नंदी. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही."

"बरं. पण बैल कुठाय?"

"बैल माझ्या लहानपणीच गेला. मग मोटर आली."

"मग?"

मग काय सांगणार? आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बैल गेला तरी सोमवार सोडला नाही. रविवारी दिवेलागणीला ते मोटरचं बटण बंद करायचे, तिला हळदकुंकू लावायचे आणि वर एक फडकं टाकायचे. लहानपणी मला वाटायचं, आठवडाभर फिरून ती खरोखरच दमत असेल. गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. सोमवारी आमच्या दाराशी कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही.

सलील हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो म्हणाला, "छान आहे हे. पण साइट उघडली की माणूस आत यायला हवा ना? तुम्ही पहिल्याच ओळीत त्याच्या तोंडावर दार लावताय."

आतून शेंगदाणे पाखडणाऱ्या अण्णांचा आवाज आला. "काय म्हनतोय त्यो पोरगा?"

"काही नाही अण्णा," नंदू म्हणाला. "रंग बदलू म्हणतोय."

सलीलचं म्हणणं असं की, लाकडी घाण्याचं तेल आता गल्लोगल्ली मिळतं. बाटल्या सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. माणूस तेल कशावरून निवडणार? ते कुठून येतं, कुणाच्या हातून येतं, हे त्याला डोळ्यांनी दिसलं तर तो तुमचा. आणि बोलता बोलता त्याची नजर परसातल्या पत्र्याखाली गेली. तिथं आमचा जुना घाणा पडून होता. चिंचेच्या लाकडाचं अजस्र उखळ, त्याचं मुसळ, आणि बैलाला जुंपायचा लांब आडवा दांडा. वर सरपण रचलेलं.

"हा चालू होईल?" त्यानं विचारलं.

नंदू काही बोलायच्या आत अण्णा सूप हातात घेऊन दारात आले होते. "चालू व्हायला त्याला काय धाड भरलीय? बैल पायजे फकस्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अण्णा परसात. सरपण सगळं एका बाजूला लावलेलं, धोतराचा काचा मारलेला, आणि सत्तरीचा हा माणूस उखळात डोकं घालून वर्षानुवर्षांची धूळ नारळाच्या काथ्यानं घासून काढत होता. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "वैजू, ह्यो नंद्या वाटतो तेवढा बावळट न्हाई."

आमच्या घरात ही स्तुतीच होती.

संक्रांतीनंतर बाजारातून बैल आला. पांढरा, कपाळावर करडा डाग असलेला. अण्णांनी नाव ठेवलं चांद्या. त्याला घाण्याभोवती फिरायला शिकवायला अण्णांना बरेच दिवस लागले. ते त्याच्या पुढे उलटे चालायचे, हातात पेंडीचा तुकडा धरून, त्याच्याशी अखंड बोलत. आमच्याशी आयुष्यात बोलले नसतील तेवढं त्या बैलाशी बोलले. पण बैल यायच्या आधी त्यांनी नंदूला समोर बसवून एक अट घातली होती. फोनवर नंदूनंच मला सांगितलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, उन्हाचा जुंपायचा न्हाई, आन् सोमवारी हात लावायचा न्हाई. बाकी तू मालक."

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हटलं. त्यात काय?"

मे महिन्यात मी पुन्हा गेले तेव्हा नवी साइट सुरू झालेली होती आणि घराचं रूपच पालटलेलं होतं. साइट उघडली की पहिल्यांदा दिसायचे अण्णा, चांद्याच्या मानेवर हात टाकून उभे. दोघंही कॅमेऱ्याकडे सारख्याच संशयानं बघत होते. खाली लिहिलेलं, 'या, घाणा बघायला या. आठवड्याचे सातही दिवस.' आणि येणारी माणसं खरोखर यायला लागली होती. पुण्याची, सोलापूरची, धाराशिवची. गाडी लावायची, घाणा बघायचा, माझ्या भावजयीच्या, मंगलच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ताज्या तेलातली शेंगांची चटणी खायची, आणि जाताना डबे भरून न्यायचे.

अण्णा म्हणजे तर त्या सगळ्याचे राजेच झाले होते. एक बाई एकदा कळवळून म्हणाल्या, "आजोबा, त्याचे डोळे का हो बांधलेत? बिचारा!"

"गरगरू नये म्हनून," अण्णा म्हणाले. "आन् शेजारची पेंड दिसू नये म्हनून. आमच्या मंगलला म्हनलं, माजेबी बांध चटनी वाटताना. तर ती ऐकंना."

हशा पिकायचा. नंदू गल्ल्यावरून मान वर करून बघायचा आणि त्याच्या तोंडावर मला जे दिसायचं, ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. बापाचा अभिमान वाटतोय हे त्याला बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. त्या दोघांना असं एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसताना पाहून मी मनात म्हटलं, देवा, ह्या सलीलचं भलं कर.

त्याच मुक्कामात एकदा जेवताना अण्णांनी विचारलं, "नंद्या, त्या तुज्या साइटवर सोमवारचं लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय की," नंदू म्हणाला आणि ताटातली भाकरी मोडू लागला.

अण्णांना मोबाइल वाचता यायचा नाही. मला यायचा. मी नंदूकडे पाहिलं, त्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर हात धुताना म्हणाला, "अगं, सोमवारची चौकशी आली की मी फोनवर नाही म्हणून सांगतो. मग लिहिलं काय अन् न लिहिलं काय!" आणि तो खरंच नाही म्हणायचा. सोमवारी चांद्याला अंघोळ असायची, शिंगांना तेल असायचं, आणि दिवसभर तो लिंबाखाली बसून रवंथ करायचा. मलाही वाटलं, पाळतोय ना, मग झालं.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट सोमवारी आला. श्रावणातला सोमवार. जोडून सुट्टी म्हणून मी शनिवारीच आले होते, राखीही दोन दिवस आधीच बांधून घ्यावी म्हटलं. रविवारी दुपारी नंदू माझ्याजवळ येऊन बसला. घोटाळा करायच्या आधी तो लहानपणापासून असाच जवळ येऊन बसतो.

"अक्का, उद्या सोलापूरची एक बस येतीये. एका कारखान्याची माणसं, बायकामुलांसकट."

"उद्या? सोमवारी?"

"ते दर दिवाळीला सगळ्या कामगारांना तेलाचा डबा देतात. सगळ्यांना, अक्का! ह्यांना आवडलं तर आपल्याकडून घेतील. वर्षाचं काम एका दिवसात होईल. त्यांना सुट्टी उद्याचीच आहे, मी काय करू?"

"अण्णांना सांगितलंस?"

"अण्णा रामलिंगला महादेवाच्या दर्शनाला जातील. श्रावणी सोमवार चुकवतात का ते? सकाळच्या एसटीनं जातात ते दुपार टळल्यावरच येतात. बस दहाला येणार. चांद्याला अर्धा तास फिरवायचं की झालं."

"नंदू, नको. त्यांना शब्द दिलायस तू."

"अगं, चांद्याला काय कॅलेंडर कळतं?"

"अण्णांना कळतं."

तो उठला. "अक्का, तू दोन दिवसांची पाहुणी. हे सगळं मला चालवायचंय." आणि मग मऊ होऊन म्हणाला, "एवढी एकच वेळ. परत नाही." मला त्याचंही पटत होतं. पोरगा जीव तोडून धंदा उभा करत होता, आणि दिवाळीची तेवढी मोठी मागणी हातची घालवणं सोपं नव्हतं. मी गप्प बसले.

सोमवारी सकाळी अण्णा उपाशीपोटी, कडक धुतलेलं धोतर नेसून, रामलिंगला गेले. जाताना चांद्याच्या कपाळाला गंध लावून गेले. नंदूनं परसात पताका लावल्या, खुर्च्या मांडल्या, घाण्यात करडई घातली. दहा वाजले, बस नाही. अकरा वाजले, बस नाही. फोन केला तर म्हणे गावागावांत झेंडावंदनाच्या मिरवणुका आहेत, रस्ता तुंबलाय. नंदू घरात-बाहेर करून करून दमला. सारखा घड्याळ बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचं टाळायचा.

बारा वाजून गेल्यावर बस आली. चाळीसेक माणसं, पोरंटोरं, हातात छोटे झेंडे. सगळी एकदम परसात शिरली. नंदूनं घाईघाईनं चांद्याला उठवलं, जू ठेवलं, डोळ्यांना झापडं बांधली. चांद्या आधी हललाच नाही. मग नंदूनं कासऱ्याला हिसका दिला तसा चालू लागला. नंदूनं कपाळाचा घाम पुसला आणि खिशातून मोबाइल काढून समोर धरला. सलीलनं त्याला बजावून ठेवलं होतं की, माणसांची गर्दी असेल तेव्हा घाण्याचं चित्रीकरण कर, साइटवर सगळ्यांत वर टाकू. चांद्याचा पहिला फेरा पुरा झाला आणि मागच्या दारातून अण्णा आत आले.

त्यांना रामलिंगहून कुणीतरी ओळखीच्यानं जीपमध्ये घेतलं होतं. एसटीची वाट बघावी लागली नव्हती. हातात बेलाच्या पानांचा पुडा, कपाळाला भस्माचे पट्टे. दारात ते थांबले. त्यांनी बैल बघितला, माणसं बघितली, नंदूला बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. मनात मी म्हणत होते, ओरडा अण्णा, चारचौघांत ओरडा, एक कानाखाली ठेवून द्या, म्हणजे हे इथंच संपेल.

ते ओरडले नाहीत. त्यांनी पुडा कोनाड्यात ठेवला, चपला काढल्या आणि चालत जाऊन चांद्याला थांबवलं. "हो, हो बाबा, हो." झापडं सोडली. जू उतरवलं. कसलीही घाई नाही. चांद्याला लिंबाखाली नेऊन बांधलं, त्याच्यापुढं पाण्याची बादली सरकवली. माणसं कौतुकानं बघत होती. त्यांना वाटलं, बैलाची जेवायची वेळ झाली असावी.

नंदू हलक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, पाहुणे आलेत. लांबून आलेत हो. ऐका ना."

"दिसतंय की," अण्णा म्हणाले. "आलेलं मानूस असं माघारी कसं धाडायचं?"

आणि त्यांनी उपरण्याची घडी करून खांद्यावर ठेवली, वाकले, आणि घाण्याचा आडवा दांडा उचलून त्या घडीवर घेतला.

"अण्णा!" मी ओरडले.

त्यांनी पाय रोवले. पहिल्यांदा काहीच हललं नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मग ते मुसळ करकरलं आणि घाणा फिरायला लागला.

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळ्यांनीच ठेका धरला. "वा आजोबा!" "या वयात! बघा, बघा जरा!" "हेच तेल खाऊन बरं का!" पोरं झेंडे हलवत त्यांच्या मागून फिरायला लागली. त्या माणसांचा काही दोष नव्हता. घाणा बघायला या असं आम्ही लिहिलं होतं, ते बघायला आले होते. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मी धावत जाऊन दांडा धरला. "अण्णा, सोडा. उपास आहे तुमचा. सोडा ना."

"वैजू, बाजूला सर," ते धापा टाकत म्हणाले. "दांडा लागंल तुला."

मी नंदूकडे पाहिलं. तो मोबाइल धरून उभा होता. हात तसेच समोर. त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं, पण हात खाली घ्यावा हे त्याला सुचलंच नाही. मी आजही त्याला त्याबद्दल दोष देत नाही. मलाही तिथं काय करावं ते कुठं सुचलं होतं!

फेऱ्यामागून फेरे झाले. खालच्या भांड्यात तेलाची धार लागली तेव्हाच अण्णा थांबले. भस्माचे पट्टे घामानं गळ्यापर्यंत ओघळले होते. एक तरुण बाई लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. भली बाई होती. "किती छान केलंत आजोबा! बसा, दम घ्या. इथले मालक कोण आहेत? त्यांना सांगते, तुम्हाला आज सुट्टी द्या म्हणून."

अण्णांनी दोन घोट पाणी घेतलं. मग हात वर केला आणि बोटानं दाखवलं. "ते काय. फोन घेऊन उभं हायेत न्हवं, त्ये मालक."

बाई हसली. नंदूनं मोबाइल खाली केला.

बस गेली. भरभरून डबे घेऊन गेली. कारखान्याच्या साहेबांनी जातानाच नंदूचा हात हातात घेऊन दिवाळीचं नक्की केलं. अण्णा देवघरात बेल वाहत बसले होते. नंदू जाऊन दाराशी उभा राहिला.

"अण्णा, चुकलं माझं."

अण्णांनी वर पाहिलं नाही. "तुमचं काय चुकलं, मालक? पाहुनं आलं, घाना दावला. दुसरं काय काम हाय आपल्याला?"

मला वाटलं, रात्रीपर्यंत उतरेल. आमच्या अण्णांचा राग असाच असायचा, भडकायचा आणि जेवणाच्या ताटावर विझायचा. नंदूलाही तसंच वाटलं असणार. रात्री जेवायला बसताना अण्णा नंदूचं ताट मांडलं जाईपर्यंत उभे राहिले. "मालक बसू द्यात आधी," म्हणाले. मंगल रडायला लागली.

चार दिवसांनी सलीलनं चित्रीकरण मागितलं. नंदूनं काय घडलं ते न सांगता पाठवून दिलं. त्याला वाटलं असावं, बघेल आणि टाकून देईल. सलील मात्र हरखून गेला. ते बसवाले लोकही आपापलं चित्रीकरण मोबाइलवर फिरवत होतेच. सलीलनं शेवटचा भाग कापला आणि बाकीचं सगळं साइटवर सगळ्यांत वर लावलं. नंदूच्या लक्षात येईपर्यंत फोनवर फोन सुरू झाले होते. "ते घाणा ओढणारे आजोबा तुमच्याकडेच ना? सोमवारी असतात ना?"

नंदूनं त्याच दिवशी सलीलला फोन करून 'सोमवारी बंद' लिहायला लावलं. दारावर पाटी लावली. पण आधी बघितलेली माणसं पाटी वाचून थोडीच येतात? पुढच्या सोमवारी एक जोडपं मुलांना घेऊन दाराशी आलं. नंदू त्यांना हात जोडून परत पाठवत होता, तोवर अण्णा उपरण्याची घडी करत बाहेर आले.

"लांबनं आल्यात, मालक."

"अण्णा, नको. पाया पडतो तुमच्या. सोमवार बंद आहे. मी बंद केलाय. लिहिलंय मी."

"असू द्या. तुमचं नाव खराब व्हायला नगं."

हे मला नंदूनं फोनवर सांगितलं. पुढंही असंच होत राहिलं. कुणी आलं नाही तर सोमवार सुना जायचा, कुणी आलं की अण्णा दांडा खांद्यावर घ्यायचे. नंदूनं एकदा मुसळच काढून ठेवलं. अण्णांनी विचारलं, "मालक, कामावरनं काढलं व्हय मला?" त्यानं ते परत बसवलं.

तसे अण्णा रुसलेले नव्हते, हीच तर गोम होती. माझ्याशी पूर्वीसारखे बोलायचे, नातवंडांना खांद्यावर घ्यायचे, मंगलच्या चटणीला नावं ठेवायचे. फक्त नंदूशी बोलताना त्यांची नजर खाली जायची, आणि आवाज गड्याचा व्हायचा. दिवाळीत मी गेले तेव्हा ते मी डोळ्यांनी पाहिलं. नंदू त्यांच्यापुढं जमिनीवर बसला होता, मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि हात जोडून म्हणत होता, "अण्णा, एकदा नंद्या म्हणा. शिव्या द्या मला. चपलीनं मारा."

अण्णा जमिनीकडे बघून हसले. "मालकाला शिव्या देत्यात व्हय कुनी?"

मीही त्यांना एकटं गाठून भांडले. म्हटलं, एवढी शिक्षा कुणी पोराला देतं का? ते म्हणाले, "वैजू, मी रागावलोच न्हाई त्याच्यावर. मला त्यो दिसंनाच झालाय." आणि ते बोलताना त्यांचा आवाज चिरकला. ते ऐकल्यावर मला कळलं की, हे त्यांच्याही हातात राहिलेलं नाही. मला दोघांची सारखीच दया आली आणि दोघांच्यासाठी काहीच करता आलं नाही.

धंदा वाढला. दुसरी मोटर आली. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा दांडा सुटला, आणि मग ते लिंबाखाली चांद्याजवळ खाट टाकून पडून असायचे. पुढच्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे भोवती होतो. त्यांनी हळूच म्हटलं, "मालकास्नी बोलवा."

नंदू उशाशीच होता. "अण्णा, मी इथंच आहे."

त्यांचे डोळे मिटलेले होते. "चांद्याला पानी दावलं का?"

"दाखवलं अण्णा."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत.

याला आता बरीच वर्षं झाली. साइट त्यानंतर दोनदा नवी झाली, पण ते चित्रीकरण अजून तिथं आहे. लोक त्याच्याखाली लिहितात, किती गोड आजोबा, अशी माणसं आता होणे नाही. मी एकदा रागावून नंदूला म्हटलं, काढून का टाकत नाहीस ते? कशाला जिवाला लावून घेतोस रोज?

तो म्हणाला, "अक्का, अण्णा हलताना, चालताना दिसतात असं आपल्याकडे दुसरं काय आहे सांग."

काहीच नव्हतं. आमच्या घरात कुणी कुणाचं कधी चित्रीकरण केलं नव्हतं.

मग त्यानं आपला मोबाइल काढला. त्याच्याकडे न कापलेलं, पूर्ण आहे. घाणा फिरतो, टाळ्या वाजतात, धार लागते, ती बाई तांब्या देते आणि विचारते, इथले मालक कोण. आणि अण्णा घामानं निथळलेलं तोंड वर करून, हात उचलून, सरळ आपल्याकडे बोट दाखवतात. नंदूनं तिथं चित्र थांबवलं आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

"हे तरी पुसून टाक रे," मी म्हटलं. "एवढंच तरी."

त्यानं मान हलवली. "अक्का, अण्णांनी माझ्या डोळ्यांत बघितलेलं हे शेवटचं आहे."